चाकाला दगड

"दादा, तुमची गाडी चालली की!"

पीरसाबच्या तळहातावर सीताफळ होतं. डोळे उघडलेत का, दाबल्यावर बोट रुततं का, हे तो मन लावून बघत होता. तुळजापूरहून सोलापूरकडे उतरताना घाटात रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बायका बसतात, त्यातली चिमाबाई एक. गिऱ्हाईक फार चिकित्सा करायला लागलं की या बायका काहीतरी बोलून त्याचं लक्ष उडवतात, हे पीरसाबला जाऊन येऊन माहीत झालेलं होतं.

"गाडी कुटं जाती ओ मावशी? डायवर हितं हाय की," तो हसत म्हणाला आणि त्यानं फळ नाकाशी नेलं.

"आवं, बाई हाय तिच्यात!"

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. चिमाबाई उभी राहिली होती, तिचा हात उताराकडे झाला होता, आणि जी पांढरी पिकअप त्यानं स्वतःच्या हातानं बंद करून, गिअरमध्ये घालून उभी केली होती ती चालली होती. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. नुसती चाकं फिरत होती. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीत त्याच्या बायकोचा, सायराबानूचा चेहरा होता आणि तिचं तोंड उघडं होतं.

पीरसाबला ओरडता आलं नाही. पाय जागचे हलायला लागले तेव्हा गाडी दोन पाट्या ओलांडून गेली होती.

गाडी अशी उताराला सोडून मध्येच माणसाची ओळख करून देणं काही बरं नव्हे. पण पीरसाब कोण हे कळल्याशिवाय त्या क्षणी त्याचं काय झालं ते कळायचं नाही.

पीरसाब अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्याचा ड्रायव्हर. मिसरूड फुटायच्या आधी तो ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, उस्तादाच्या शिव्या खात गाडी शिकला आणि मग जन्मभर गाडीवरच राहिला. त्याच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. हे तो स्वतः सांगत नसे, कारखान्यातले लोक सांगत. घाईचा माल असो, परदेशी पाहुणे असोत नाहीतर मालकांची म्हातारी आई दवाखान्यात न्यायची असो, हाक पीरसाबला. त्याच्याजवळ दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं आणि त्याला ते हवंही नव्हतं.

उस्तादानं त्याला पहिल्यांदा शिकवलं ते गाडी चालवणं नव्हे, गाडी उभी करणं. त्या काळच्या गाड्यांचे हँडब्रेक नुसते शोभेचे. ड्रायव्हर लोक त्यांच्यावर पंचे वाळत घालत. चढ असो, उतार असो, इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि क्लीनरनं खाली उडी मारून चाकाला दगड लावायचा. पीरसाबनं असे दगड किती लावले असतील त्याला गणती नाही. पुढं तो स्वतः ड्रायव्हर झाला, गाड्या सुधारल्या, क्लीनर गेले, दगडही गेला. पहिला गिअर मात्र राहिला. गाडी थांबवून उतरताना त्याचा डावा हात आपणहून ते काम करून टाकी, जसा आपण घराबाहेर पडताना कडी लावतो आणि लावली की नाही ते आठवतही नाही.

मग त्याचा डावा गुडघा गेला. क्लच दाबला की मांडीपर्यंत कळ जायची. सायराबानू रोज मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्यायची आणि म्हणायची, आता बास करा. पीरसाब बास करणार होताही. सोलापुरात क्लच नसलेला मालाचा टेम्पो कुठून आणणार? नेमकं त्याच सुमारास कारखान्याचे धाकटे मालक विरेश यांनी हौसेनं ही ऑटोमॅटिक पिकअप घेतली.

"क्लचच न्हाई म्हंजी? मग डाव्या पायानं काय करायचं?" पीरसाबनं विचारलं होतं.

"डावा पाय घरी ठेवून या की मामा," विरेश म्हणाले आणि सगळे हसले.

हसण्यावारी गेलं, पण त्या गाडीनं पीरसाबची भाकरी राखली. पाय सुटला. एक मात्र झालं. त्याच्या हाताचं कामही गेलं. निघताना दांडा 'डी'वर ओढायचा, थांबलं की 'पी'वर ढकलायचा, आणि मधल्या वेळात डावा हात पाहुण्यासारखा मांडीवर ठेवून बसायचं. गाडी आपल्या मनानं गिअर बदलायची. पीरसाबला ते नुसत्या आवाजावरून कळायचं आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आपण असतो तर जरा आधी टाकला असता. रुसल्यासारखं व्हायचं त्याला. पण कुणाला सांगणार?

आज सकाळी निघताना विरेशनीच त्याला ती गंमत दाखवली होती. 'डी'च्या शेजारी एक खाच आहे. दांडा त्या खाचेत घेतला की गिअर आपल्या हातात. पुढं, 'प्लस'कडं ढकलला की वरचा, मागं, 'मायनस'कडं ओढला की खालचा. समोर काचेत आकडाही येतो.

"घाट उतरताना वापरा, मामा. गाडी दाबून धरती. ब्रेक तापत न्हाईत."

आणखी एक नवलाई होती. आज गाडीत सायराबानू होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्या ड्युटीच्या गाडीत कधी बसली नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीला, झीनतला, तुळजापुरात बाळ झालं होतं आणि पीरसाबला तिथल्याच दुकानांत चादरी पोचवायच्या होत्या. धाकट्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "विचारायचं काय त्यात?" सायराबानूनं ठेवणीतली साडी नेसली. जाताना ती दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती. येताना जरा सैलावली.

घाट लागला तसा पीरसाबनं दांडा खाचेत घेतला. एकदा मागं ओढला. इंजिनानं आवाज बदलला आणि गाडी अंगाला ओढ देऊन सावकाश झाली. ब्रेकला पायही नव्हता. पीरसाबच्या तळहाताला ती ओढ कितीतरी दिवसांनी भेटली.

"बघ, तिसरा होता. आता दुसरा," तो म्हणाला.

"तुम बदलाए?"

"और कौन? हितं आकडा बघ की."

ती वाकून आकडा बघायला लागली. तिला त्यातलं काय कळणार! पण नवरा खुशीत आहे एवढं तिला कळलं आणि तीही हसली. वळणावळणाला तो गिअर टाकत, काढत, तिला सांगत घाट उतरत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला भाड्याच्या सायकलवरून सिद्धेश्वर तलावाला फिरवलं होतं, त्यानंतर त्यानं तिच्यापुढं अशी ऐट दाखवली नव्हती.

"अजी, सीताफळं! थांबवा की जरा," ती म्हणाली.

त्यानं गाडी उजव्या कडेला, पाट्यांशेजारी घेतली. दांडा मागं ओढला, काचेत 'एक' आला. पहिला. इंजिन बंद केलं. गाडी 'टिंग टिंग' करायला लागली, पण ही गाडी कशालाही टिंग टिंग करते. पट्टा लावला नाही की वाजते, दार उघडलं की वाजते. किल्ली निघाली नाही तीही त्यानं तशीच राहू दिली. बायको आत आहे, दोन फळं घ्यायला कितीसा वेळ लागतो? पुढचं चाक मुरमाच्या एका उंचवट्याला टेकून उभं होतं म्हणून गाडी तेव्हा हललीही नाही. पीरसाब उतरला. जुन्या गाडीतून उतरावं तसा निश्चिंत उतरला.

मग सायराबानू त्याला सांगायला ड्रायव्हरच्या खिडकीकडं वाकली, "कच्चे नक्को लेव जी!" तिच्या वजनानं असेल, नाहीतर शेजारून भरधाव गेलेल्या ट्रेलरच्या वाऱ्यानं असेल, गाडी जराशी डुलली आणि चाक उंचवट्यावरून उतरलं.

पीरसाब धावत होता. लंगडत, गुडघा धरून, एका हातात सीताफळ तसंच. पुढं उतारावर आणखी तीन-चार बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक ओरडत उठली, दुसरी पाय पोटाशी घेऊन तशीच बसून राहिली. त्यांच्या पलीकडे रस्ता वळत होता आणि वळणापुढं नुसतं आभाळ दिसत होतं.

"चाक फिरव! सायरा, चाक!"

आता त्याला आवाज फुटला होता, पण तो तिच्यापर्यंत गेला की नाही कुणास ठाऊक. तिनं जन्मात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. बंद गाडीचं ते चाक तसंही दगडासारखं जड होतं. शेजारच्या सीटवरून आडवी होऊन तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं अंग टाकून डोंगराच्या बाजूला ओढलं. गाडीनं एक पाटी चिरडली, बाईच्या पायापासून हातभर अंतरावरून वळली आणि डोंगराच्या कडेच्या चरात नाक खुपसून आदळली.

पीरसाब पोचला तेव्हा सायराबानू पलीकडचं दार उघडून स्वतःच खाली उतरत होती. उजवा हात मनगटापासून भलतीकडं वळला होता. तिचा चेहरा पांढराफटक होता. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. इकडंतिकडं शोधलं, डाव्या हातानं एक मोठा दगड उचलला आणि फरफटत आणून गाडीच्या चाकाला लावला. मग ती त्याच दगडाशेजारी मटकन बसली.

बायका धावत आल्या. पाणी आलं, ओढणी आली, कुणीतरी तिचा हात झोळीत बांधला. पाटी चिरडली गेलेली बाई आधी शिव्या देत आली आणि मग सायराबानूला कुरवाळत रडायला लागली. या सगळ्यात पीरसाब उभाच होता. त्याच्या मुठीत सीताफळ चिरडून त्याचा गर बोटांतून गळत होता, तेही त्याला कळत नव्हतं.

थोड्या वेळानं तो दार उघडून आत वाकला. किल्ली फिरवली. दांडा खाचेतच होता आणि काचेत आकडा पेटला. एक.

तो त्या आकड्याकडं बघत राहिला. पहिल्या गिअरमध्ये होती गाडी. पहिल्या गिअरमध्ये, बंद इंजिनात, गाडी उताराला हलतच नाही. त्यानं हे लाख वेळा केलं होतं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. हा 'एक' तो नव्हता. इंजिन चालू आहे तोवरच या गाडीचा गिअर. इंजिन बंद झालं की आतलं सगळं सुटं. गाडी धरून ठेवणारा तो 'पी'. ती टिंग टिंग, ती न निघालेली किल्ली तेच सांगत होती. हँडब्रेक होता. धाकट्या मालकांनी दोन्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इतके महिने त्यानं ते पाळलंही होतं. आज हाताला जुना गिअर भेटला आणि हात जुन्या गाडीत जाऊन आला.

तासाभरानं विरेश स्वतःची मोटार घेऊन आले. धावतच आले.

"काय ओ मामा, काय झालं? लागलं का कुणाला?"

पीरसाबनं तोंड उघडलं. सगळे शब्द तोंडात तयार होते.

"मालक, माजा हात लागला," सायराबानू म्हणाली. दगडाशेजारून उठत, झोळीतला हात सावरत म्हणाली. "ह्यास्नी सांगाय म्हणून खिडकीकडं वाकले, न् तो दांडा हलला. ह्यांनी गाडी बरोबर लावली होती की."

पीरसाबनं बायकोकडं पाहिलं. गाडी चाललेली पाहून तो हादरला होता; आता त्याहून जास्त हादरला. ही बाई दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलत नसे. तिनं एकदाच त्याच्याकडं पाहिलं. घरात पाहुण्यांसमोर तो काही भलतं बोलायला लागला की ती अशीच बघायची, आणि तो गप्प व्हायचा. तसा आताही झाला.

"राहू द्या ओ मावशी," विरेश म्हणाले, "जिवावर बेतलं होतं, हातावर निभावलं. चला दवाखान्यात."

निघताना चिमाबाईनं सायराबानूच्या पदरात सीताफळं घातली. पैसे घेईना. "कच्ची हायती. घरला चादरीत गुंडाळून ठिवा, चार रोजात पिकत्याल," म्हणाली. आणि मग पीरसाबकडं बघून हळूच म्हणाली, "दादा, बाईला जपा. सगळ्यास्नी वाचिवलं तिनं."

सायराबानूच्या हाताला प्लास्टर बसलं. गाडी गॅरेजला गेली. आणि गोष्ट कारखान्यात पोचली.

"काय पीरसाब," फाटकावरचा वॉचमन रुद्रप्पा त्याला बघितल्या बघितल्या म्हणाला, "आमच्या वैनी एकट्याच हैद्राबादला निघाल्या होत्या म्हणं!"

"बिगर लायसन!" आतून कुणीतरी भर घातली.

सगळे हसले. पीरसाबही हसला. आपल्या तोंडातून हसू आलेलं ऐकून त्यालाच धक्का बसला. कुणालाही काही विचारावंसं वाटलं नव्हतं. दांडा कसा हलला, ब्रेक न दाबता हलतो का, कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. बाईमाणूस गाडीत होतं, मग आणखी काय विचारायचं! सायराबानू घरी बसून कारखान्याच्या टॉवेलांना शिलाई मारायची. गठ्ठे न्यायला येणाऱ्या बायका तिला "स्टेरिंगवाली" म्हणू लागल्या आणि ती प्लास्टरचा हात वर करून "बाजूला व्हा गं, हॉर्न देती मी," म्हणून त्यांना हसवू लागली.

तिला हसताना बघून पीरसाबला घरात बसवेना. एकदा सकाळी चहा पिताना त्यानं विचारलंच.

"तू असं का बोललीस?"

"तुमाला दुसरी गाडी कोन देनार?" ती म्हणाली. "गुडगा घेऊन क्लच दाबनार काय? माजं काय जातंय? मला कोन लायसन मागतंय?"

तिनं डाव्या हातानं कप उचलला. चहा थोडा सांडला. ती म्हणत होती ते खरंच होतं. ही गाडी सुटली तर पुन्हा स्टेअरिंग नाही. ज्या माणसाला गाडीवाचून दुसरं काही येत नाही, त्यानं काय करायचं? त्यानं दोन दिवस स्वतःला समजावलं. पुन्हा असं होणार नाही. 'पी'. हँडब्रेक. 'पी'. हँडब्रेक. खाटेवर पडून तो हात हलवून बघायचा. आणि एकदा, डोळा लागता लागता, त्याच्या लक्षात आलं की हात हवेतच एक टिचकी मागं ओढून थांबलाय. पहिल्यात.

गाडी गॅरेजमधून आली त्या सकाळी विरेशनी त्याला बंगल्यावर बोलावलं. गाडी दारातच उभी होती, नवा दिवा, नवा बंपर. विरेश खुशीत होते.

"मामा, एक नवं काम देतो. पिंकीच्या शाळेचा रिक्षावाला गावाला गेला तो परत आलाच नाही. आजपासून तुम्ही सोडायचं, तुम्हीच आणायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात मी पोरगी देणार न्हाई." आणि डोळे मिचकावून म्हणाले, "फक्त मावशींना बरोबर घेऊ नका!"

पिंकी आधीच गाडीत चढून बसली होती. पाण्याची बाटली गळ्यात, दोन वेण्या, पाय सीटवरून लोंबकळत. सायराबानू बसली होती त्याच सीटवर.

"मामा, मला ते प्लस-मायनस दाखवा की! पप्पा म्हणाले तुम्हाला येतंय." तिनं दांड्यावर हात ठेवला.

पीरसाब दाराला धरून उभा राहिला. शाळेसमोरचा रस्ता त्याला माहीत होता. तिथं उतार आहे. लहानसाच. पोरगी बाटली विसरेल, तो उतरेल, हाक मारून कुणी बोलावेल. सगळं त्याला दिसलं, खिडकीत उघड्या तोंडाचा चेहरा दिसला, फक्त तो लहान होता. आणि ही पोर चाक ओढणार नव्हती.

"धाकटे मालक," तो म्हणाला, "गाडी तिनं हलवली न्हाय."

"कुणी?"

"माज्या बायकोनं. तिचा हात कशालाबी लागला न्हाय. मी पहिल्यात घालून उतरलो. पी न्हाय, हँडब्रेक न्हाय. जुनी गाडी समजून उतरलो. ती चाक ओढली म्हणून लोक वाचले."

विरेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, तिथंच अडकून राहिलं. "म्हणजे मावशी खोटं..."

"माज्यासाटी बोलली."

"बरं, जाऊ द्या मामा. चुकून झालं असंल."

"व्हय, चुकूनच झालं. आन् उद्याबी चुकूनच हुईल. हात मला इचारत न्हाय, मालक."

विरेश गाडीच्या पलीकडून वळसा घालून गेले, त्यांनी दार उघडलं आणि पिंकीला उचलून खाली घेतलं. ती म्हणायला लागली, "मला मामांबरोबरच जायचंय." त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. कडेवर घट्ट धरून उभे राहिले, जणू गाडी आत्ताच हलणार होती.

पीरसाबला वाटलं होतं, शिव्या बसतील, निदान चढा आवाज होईल. ते सोसलं असतं. त्यानं खिशातून किल्ली काढली. चादरीच्या रंगीत सुताचा गोंडा त्यानंच तिला बांधला होता. किल्ली त्यानं बॉनेटवर ठेवली, मग ती घरंगळेल की काय असं वाटून उचलली आणि विरेशच्या हातात दिली.

"मामा, घरी बसायचं न्हाई," विरेश खाली बघत म्हणाले. "घडी-पॅकिंगला या. उद्यापासून."

"येतो की."

घरी आल्यावर त्यानं सायराबानूला सांगितलं. तिनं हातातली परात आदळली.

"तो मैं झूट किसके वास्ते बोली जी? सारी बस्ती हसी मेरे पर, वो किसके वास्ते?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. रडत होती. प्लास्टरच्या हातानं डोळे पुसता येईनात म्हणून तिला आणखी राग आला. बऱ्याच वेळानं, तोंड न वळवता, तिनं विचारलं, "पिंकी गाडी में बैठी थी?"

"बैठी थी. वहीच जगे पे."

ती उठली. कोपऱ्यातलं चादरीचं गाठोडं तिनं पायानं त्याच्याकडं सरकवलं. त्यानं सोडलं तर आत सीताफळं मऊ पडली होती, खोलीभर वास सुटला. त्यानं एक फोडलं. एकेक बी काढून गर तो बशीत ठेवत गेला आणि ती डाव्या हातानं खात गेली. "गोड हाय," ती म्हणाली. दोघांनी मिळून सगळी संपवली.

आता पीरसाब पॅकिंगच्या टेबलाशी चादरींच्या घड्या घालतो. रुद्रप्पा त्याला काही म्हणत नाही. सायराबानूला मात्र तो भेटेल तिथं "वैनी, नमस्कार," म्हणतो, आणि त्यात थट्टा नसते.

कारखान्याचं अंगण फाटकाकडे जरासं उतरतं आहे. दुपारी शाळा सुटली की विरेश पिंकीला घेऊन पिकअपनं येतात. गाडीचा आवाज आला की पीरसाब हातातली घडी पुरी करतो, टेबलाखालचा दगड उचलतो आणि गुडघा सांभाळत अंगणात येतो. विरेशनी दांडा 'पी'वर ढकललेला असतो. हँडब्रेक ओढल्याची करकर पीरसाबला ऐकू आलेली असते. दगडाची काही गरज नसते, हे दोघांनाही माहीत आहे.

पीरसाब वाकतो, चाकाला दगड लावतो, टाचेनं दोनदा ठोकून घट्ट बसवतो. तोवर विरेश स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहतात. मामा मागं सरून "हं" म्हणाले, की मग पोरीचं दार उघडतात.